हसले की पडायचे

हसण्याआधी तुम्ही कधी टेकायला भिंत शोधली आहे का?

मी शोधते. कुणी गमतीची गोष्ट सांगू लागलं की माझा हात आधी चौकट, खांब, खुर्चीची पाठ चाचपतो आणि मगच कान गोष्टीकडे वळतात. कारण मनापासून हसू आलं की माझे गुडघे जातात. जबडा लोंबतो, मान छातीवर येते आणि मी रिकाम्या पोत्यासारखी खाली बसते, नाहीतर आडवीच होते. शुद्ध मात्र जात नाही. कोण काय बोलतंय, कोण कुठे हात लावतंय, सगळं कळत असतं. फक्त पापणीसुद्धा माझं ऐकत नाही. दीड-दोन मिनिटं मी माझ्याच अंगात कोंडलेली असते आणि दार बाहेरून बंद असतं.

माझं नाव क्रांती. अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढले. वडील कारखान्यात फिटर. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. ती मला भरपूर मिळाली, पण नको तिथून आणि नको त्या कारणासाठी. हा आजार झालेली माणसं आपल्या जिल्ह्यात आणखीही असणार. कुणी त्यांना आळशी म्हणत असेल, कुणी ढोंगी, कुणी झपाटलेली. आजारी कुणीच म्हणत नसेल. त्यांच्यासाठी आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिणं आहे.

* * *

सुरुवात झोपेनं झाली. शतक बदललं त्याच्या आसपासची गोष्ट. मी अंबडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्याकडून जीपनं जायचं, मागे आठ-दहाजण कोंबलेले. त्या धक्क्यांतही मी झोपायची. शेजारच्या बाईच्या टोपलीवर डोकं टाकून झोपायची. वर्गात लिहिता लिहिता झोपायची आणि हात तरीही चालूच असायचा. नंतर वहीत पाहिलं तर अर्ध्या ओळीनंतर मुंग्या चालल्यासारखं काहीतरी. जेवताना घास हातात धरून झोपले, तेव्हा आई म्हणाली, "अगं, ऊस तोडून आल्ती का तू? दिवसभर करून काय राह्यली, की इतकी झोप?"

अंबडच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लाल टॉनिक दिलं. मी ते पिऊन झोपले.

मग पडणं सुरू झालं. पहिल्यांदा पडले ते मैत्रिणीनं प्राचार्यांच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा. सगळ्या हसत होत्या, मी जमिनीवर होते. "अगं, किती ते हसायचं!" म्हणून त्या आणखी हसल्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं. माणूस 'हसून हसून पडले' असं म्हणतो ना, तसंच काहीतरी असेल.

* * *

आमचं घर समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. इतर घरांत देवघर असतं, आमच्याकडे त्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध. शाई वाळायच्या आत मी त्यांच्या घड्या घालायची. मी अक्षरं पुस्तकातून शिकले नाही, पत्रकातून शिकले. 'जागे व्हा' हे मला लिहिता आलेलं पहिलं वाक्य. पुढे माझ्यावर काय पाळी येणार आहे हे ठाऊक असतं, तर त्या वाक्याशी मी तेव्हाच भांडले असते.

बाबा आणि त्यांचे जोडीदार करीमचाचा सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या बाजारात पथनाट्य करायचे. चाचा व्यवसायानं शिंपी आणि जातीचे विनोदी. नाटक असं होतं : बायजा नावाच्या बाईच्या अंगात देवी येते. देवऋषी, म्हणजे चाचा, लोकांकडून कोंबडं आणि नारळ उकळतो. शेवटी कार्यकर्ता, म्हणजे बाबा, पुढे येतो आणि घुमणाऱ्या बायजाच्या दंडाला हळूच सेफ्टी पिन टोचतो. बायजा किंचाळते, "अगाई गं! कोण रे मेल्या?" लोक हसतात. मग बाबा विचारतात, "मंडळी, देवीला पिन टोचंल का? मंग ओरडलं कोण? ओरडली ती बायजा! अंगात येणं म्हंजी ढोंग!" टाळ्या.

बायजा मी करायची.

* * *

घनसावंगीच्या बाजारात तो दिवस आला. मी केस सोडून घुमत होते. चाचांनी अंबाडीच्या दोऱ्यांची दाढी लावली होती. एक शेळी गर्दीतून आत घुसली आणि त्या दाढीचं टोक चघळू लागली. चाचा ओढतात, शेळी सोडत नाही. चाचांनी भूमिका न सोडता हात जोडले, "माते, हिचा नवस जुना दिसतो. आधी हिला दाढी देतो, मंग तुझं कोंबडं बघू."

मला हसू फुटलं आणि मी कोसळले.

तोंड मातीत गेलं. कानावर सगळं येत होतं. चाचांना वाटलं मी नाटकात काही नवीन घातलं. बाबा ठरल्याप्रमाणे पुढे आले. दंडाला पिन लागली. मला ती लख्ख कळली. 'अगाई गं' हे शब्द घशाशी उभे होते. पण घसा माझा नव्हता.

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "ओरड." मी पडूनच. त्यांनी दुसऱ्यांदा टोचली, खोल. "क्रांती, ओरड की गं!"

गर्दी पुढे सरकली. मग एक बाई म्हणाली, "पिन टोचली तरी हू की चू न्हाई. खरीच आली माय!" लगेच कपाळावर कुंकवाचं बोट आलं. कुणीतरी आपलं लेकरू माझ्या पायावर घातलं. त्याच्या ओल्या लंगोटाचा स्पर्श मला आजही आठवतो. बाबांनीच लोकांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, की ओरडली तर बायजा, न ओरडली तर देवी. लोकांनी त्यांचाच नियम बरोबर लावला होता.

मी उठले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत नव्हते. परतीच्या जीपमध्ये ते एकच वाक्य बोलले, "माझ्याच घरात ढोंग निपजलं."

* * *

त्यानंतरचे महिने कसे सांगू? कोंडलं जाणं म्हणजे काय ते आधी मला दीड-दोन मिनिटांपुरतं माहीत होतं. आता दिवसभराचं कळलं.

बाबांनी कॉलेज बंद केलं. "मुद्दाम केलं हे कबूल कर, उद्यापासून जा." मी म्हणाले, "बाबा, मला हलताच येत नव्हतं. डॉक्टरकडे तरी न्या." ते म्हणाले, "ढोंगाला औषध न्हाई. लोकांनी नारळ दिले की ढोंग वाढतं, आणि डॉक्टर केला तरी वाढतं." मोठ्या दवाखान्याचा रस्ता त्यांच्या होकारातूनच जात होता आणि तो होकार मी खोटं कबूल केल्याशिवाय मिळणार नव्हता. मी कबूल करणार नव्हते. मी त्यांचीच मुलगी होते.

आईचं दुसरंच. तिला पटलं होतं, मला बाहेरचं काहीतरी लागलंय. इतकी वर्षं बाबांच्या धाकानं गप्प बसलेली आई आता माझ्या उशीखाली लिंबू ठेवू लागली. बाबा ते शोधून फेकायचे, आई दुसरं ठेवायची. मला लिंबूही नको होतं आणि भाषणही. मधल्या जागेत कुणीच उभं नव्हतं.

त्यात घनसावंगीच्या बायका नारळ घेऊन वसाहतीत यायला लागल्या. "ती देवीची पोर कुठं ऱ्हाती?" बाबा दारात उभे राहून त्यांना परत पाठवायचे. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बापू, तुमच्या घरी देवी चालत आली, अन् तुम्ही दार लावू राह्यले?" बाबांचा चेहरा बघून मला हसू आलं आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांवर पडले.

तेव्हा ठरवलं, हसायचंच नाही. रेडिओ बंद. मैत्रीण आली तर डोकं दुखतंय म्हणायचं. धाकटा भाऊ बोबडं बोलला की मी खिडकीबाहेर कारखान्याच्या चिमणीकडे बघायची. हसू येऊ नये म्हणून मी मुद्दाम दुःखाच्या गोष्टी आठवायची आणि आठवता आठवता खरीच दुःखी झाले. ज्यानं पडते तेच आयुष्यातून कापून टाकलं, तर उरतं काय? उभं राहिलेलं शरीर. बाकी काही नाही.

दुपारच्या झोपेतून जाग यायची, तेव्हाही शरीर उघडायचं नाही. डोळे अर्धे उघडे, छातीवर कुणीतरी बसलंय, दाराशी कुणीतरी उभं आहे. मला भुतं माहीत होती, पत्रकांतून. ती नसतात हेही माहीत होतं. तरी ती यायची. नसलेल्या गोष्टीला भ्यायची लाज आणि भीती, दोन्ही एकदमच. अशाच एका दुपारी मी तशी पडलेली असताना आई आणि मावशी माझ्या उशाशी बोलत होत्या. मावशी म्हणाली, "झोपू दे, तिला काय कळतंय." मला सगळं कळत होतं.

* * *

शेवटी मी बाबांच्याच हत्यारानं लढले. बुवांना आव्हान द्यायची त्यांची पद्धत होती : सगळ्यांसमोर, आमच्या अटींवर, सिद्ध करून दाखवा. एका रविवारी करीमचाचा आले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, मी आव्हान देते. तुमच्या अटींवर तपासा. खोटी ठरले तर घनसावंगीच्या बाजारात उभी राहून कबूल करीन. खरी ठरले तर औरंगाबादच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं."

आव्हान नाकारणं बाबांच्या रक्तात नव्हतं. "ठीक हाये," ते म्हणाले. "पण विनोद मी सांगणार. करीमभाई बिलकुल बोलणार न्हाईत. त्यांचं नि तुझं संगनमत असंल."

"लो," चाचा म्हणाले, "मैं तो मुजरिम हो गया."

मला खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडलेले, मागे वाकळ अंथरलेली. चाचांच्या हातात कागद-पेन्सिल. बाबांनी आयुष्यात विनोद सांगितलेला मला आठवत नाही. ते उभे राहिले, सभेत राहतात तसे. पहिला विनोद एका गवंड्याचा होता. तो संपला हे आम्हाला थोड्या वेळानं कळलं. दुसऱ्या विनोदाचा अर्थ त्यांनी आधीच समजावून सांगितला. तिसऱ्यात ते शेवट विसरले. मी दगडासारखी बसलेली. मनात म्हणत होते, हरले मी, या माणसाच्या विनोदावर कोण पडेल?

बाबांनी घाम पुसला आणि ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "करीमभाई, लिहा. तिसरा विनोद. परिणाम शून्य."

चाचांनी तितक्याच गंभीरपणे लिहून घेतलं.

मी मागे कोसळले.

"लिहा," बाबांचा आवाज आला, आणि मध्येच थांबला. ते जवळ आले. पापणी उचलून पाहिली. हात वर करून सोडला, तो धप्पकन पडला. हे सगळं ढोंगातही जमतं, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांना शाळांतला प्रयोग आठवला असावा. शाळांत ते मुलाला टेबलावर बसवून गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेनं टकटक करायचे. पाय आपोआप उडायचा. "बघा पोरांनो, पाय तुम्ही उडवत न्हाई, तो उडतो. इच्छा असो नसो."

त्यांनी माझ्या गुडघ्याखाली मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं. दुसऱ्या पायाला मारलं. काहीच नाही. मी आतून बघत होते, ऐकत होते.

माझं भान गेलंच नव्हतं, आता अंग परत आलं. उठून बसले. बाबांनी पुन्हा टकटक केली. या वेळी पाय असा उडाला, की त्यांच्या हाताला लागला.

"हे ढोंगात जमत न्हाई," ते हळूच म्हणाले. मग आईकडे वळून, "अन् हे देवीचंबी काम न्हाई. पोर आजारी हाये."

आई म्हणाली, "ते मी कवाचीच म्हणून राह्यले."

"तू लिंबू म्हणत होती!"

"तुम्ही तर तेवढंबी न्हाई म्हणलं."

* * *

औरंगाबादच्या डॉक्टर बाईंनी माझ्या झोपेचं ऐकून घेतलं आणि पडण्याचं मी सांगायच्या आधीच विचारलं, "हसताना गुडघे जातात का?" मी रडायलाच लागले. रडताना पडले नाही, एवढी मेहेरबानी. आजाराचं नाव नार्कोलेप्सी. पडण्याचं नाव कॅटाप्लेक्सी. खात्रीसाठी त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डोक्याला वायरी चिकटवून दिवसातून अनेकदा झोपायला लावतात. म्हणजे झोपेची परीक्षा. सिस्टर म्हणाली, "बाकीचे इथं झोप येत नाही म्हणून रडतात. तू तर वायर लावता लावताच गेलीस. झोप, इथं कुणी रागवणार नाही." दोन वर्षांत मला झोपायची परवानगी देणारी ती पहिली व्यक्ती.

परत आल्यावर डॉक्टर बाईंनी जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूच्या खालच्या भागात थोड्याशा पेशी असतात. त्या ओरेक्सिन नावाचं रसायन सोडतात. हे रसायन निरोप्या असतं. तो निरोप ओळखणारे रिसेप्टर मेंदूभर इतर पेशींवर असतात. भूक, वेदना, भीती यांचेही असे निरोपे आणि त्यांचे त्यांचे रिसेप्टर असतात. डॉक्टर कुलूप-किल्ली म्हणाल्या. मला आजोळचा जागल्या, रात्रीचा पहारेकरी, आठवला. 'हुश्शार' म्हणत गावभर फिरतो, तोवर गाव सावध असतं. ओरेक्सिन हा जागल्या आणि रिसेप्टर म्हणजे त्याची हाक ऐकणारे कान. परदेशात काही कुत्र्यांना पिढ्यान् पिढ्या हाच आजार होता. त्यांचा जागल्या ओरडतच होता, पण कान जन्मतः बहिरे. माणसांत बहुतेकदा उलटं असतं. कान शाबूत असतात, जागल्याच मेलेला असतो. का मेला हे नक्की ठाऊक नाही. झोपेत स्वप्न बघताना आपण धावू नये म्हणून शरीर सैल पडतं. पहारा नसल्यानं ते सैल पडणं जागेपणी घुसतं आणि हसू आलं की त्याला दार सापडतं.

बाबांनी विचारलं, "मंग जागल्या परत आणता यीन का?"

"आज तरी नाही."

"कानांशी थेट बोलणारं औषध?"

"शोध चालू आहे. कधी मिळेल ते सांगणार नाही. खोटी आशा देत नाही मी."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. आजार आहे हे सिद्ध झाल्याचा आनंद आणि तो जन्मभर राहणार याचा धक्का, दोन्ही एकाच कागदावर मिळाले होते. बाबा म्हणाले, "माझ्या पिनीची खूण हाये का दंडावर?" मी म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "जायला नको होती."

* * *

आता सकाळी जागं ठेवणारी गोळी घेते. पडणं कमी व्हावं म्हणून दुसरी. दुपारी अर्धा तास ठरवून झोपते. बी.ए. झाले. एकटी विहिरीवर जात नाही, गाडी चालवत नाही. पडणं कमी झालंय, गेलेलं नाही. कोंडवाडा तोच आहे, त्याला एक खिडकी झाली एवढंच. मी बरी झाले असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि 'इच्छाशक्ती ठेव' म्हणणाऱ्यांना मी विचारते : इच्छाशक्तीनं कधी मेलेला जागल्या उठलाय?

मागच्या महिन्यात वाटूरहून बाबांना निरोप आला. एका घरातली सून, सुमन, हसता हसता पडते. आधी तिला मिरच्यांची धुरी दिली होती. आता सासूला वाटत होतं ती नाटक करते. सासूनं आमचं पथनाट्य कधीतरी पाहिलेलं. बाबांना म्हणाली, "तुम्ही टोचता ना पिन, तशी एकदा हिला टोचा. सोंग उतरंल."

आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. सुमनचं लेकरू बाबांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून नाकापर्यंत ओढून चालू लागलं आणि भिंतीवर आपटलं. सुमन हसली आणि चौकटीला घासत खाली गेली.

"हे बघा, सुरू झालं हिचं," सासू म्हणाली.

बाबा उठले. माझा हात दंडावर गेला. ते तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सुमनबाई, मी अंकुशनगरचा फिटर. तुम्हाला ऐकू येऊ राह्यलंय, मला माहीत हाये. कुणी हात लावणार न्हाई. लेकराला लागलं न्हाई. सावकाश उठा."

थोड्या वेळानं ती उठून बसली. पदर सावरला. सासूकडे नाही, बाबांकडे बघत म्हणाली, "मला ऐकू येतंय हे तुम्हाला कसं कळलं?"

बाबा म्हणाले, "माझ्या पोरीला दोनदा टोचलं, मंग कळलं."

सुमनला माझाच आजार आहे की दुसरा, ते डॉक्टर ठरवतील. तिचा नवरा तिला औरंगाबादला घेऊन गेला आहे.

वाचणाऱ्या तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे आणि ते आजच करता येण्यासारखं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात हसताना कोसळणारं, दिवसा आवरता न येणारी झोप येणारं कुणी आहे का, ते आठवा. असेल तर त्या माणसाला आधी हे सांगा, की तू खोटं बोलत नाहीस. मग मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांना 'चक्कर येते' असं म्हणू नका, 'हसताना पडते' हेच शब्द सांगा. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते माणूस तुमच्यासमोर पडलं, तर कांदा नको, चप्पल नको, पाणी नको, पिन नको. शेजारी बसा, त्याचं नाव घ्या आणि त्याच्याविषयी नाही, त्याच्याशी बोला.